‘मगर : एक प्रकारचा पशू’ – जुन्या इंग्रजी शब्दकोशांतली जनावरं, झाडं आणि निसर्गविज्ञान

शब्दवेल्हाळ

१६०४ साली लंडनमध्ये रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तरांचा एक छोटा कोश छापून आला. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा हा पहिला कोश मानतात. शब्द अडीच हजारांच्या आसपास, तेही अवघड तेवढेच. त्यात क्रोकोडाइल काढून बघा. समोर एकच शब्द आहे : पशू. आणि त्याच्या आधी एक सुटं अक्षर, ‘के’. या अक्षराचा अर्थ कॉड्रींनी आधीच सांगून ठेवला आहे : ‘एक प्रकारचा’. ओकचं फळ? एक प्रकारचं फळ. अलाबास्टर? एक प्रकारचा दगड. पुढे काही नाही.

बारा वर्षांनी, १६१६ मध्ये, जॉन बुलोकर या डॉक्टरांचा कोश आला. तिथे मात्र मगरीला चांगली ऐसपैस जागा मिळाली. अंड्यातून निघते, दहा-वीस-तीस फूट वाढते, क्रूर दात, खवल्यांची पाठ, अणकुचीदार नख्या. माणूस घाबरलेला दिसला तर पाठलाग करते, तोच अंगावर धावून गेला तर पळते. माणसाचं धड खाऊन झालं की मुंडक्यापाशी बसून रडते आणि मग मुंडकंही खाते. हे सगळं ऐकीव. पण मध्येच बुलोकर लिहून जातात की असा एक प्राणी आपण स्वतः लंडनमध्ये पाहिला, मेलेला आणलेला, पण आकार जसाच्या तसा, सुमारे दोन यार्ड लांब. शब्दकोशात, अर्थ सांगता सांगता, ‘मी पाहिला’! मला ही ओळ फार आवडते. तीस फुटांच्या ऐकीव गोष्टीशेजारी सहा फुटांची डोळ्यांनी पाहिलेली वस्तू त्यांनी ठेवली, आणि दोन्ही वेगवेगळं राहू दिलं.

मग येतात सॅम्युअल जॉन्सन. १५ एप्रिल १७५५ ला त्यांचा कोश निघाला. दोन जाडजूड खंड, बेचाळीस हजारांवर शब्द, आणि वापराची उदाहरणं लाखाच्या वर. कोशाचा आराखडा त्यांनी १७४७ मध्येच छापला होता आणि त्यात प्राणी-वनस्पतींचा पेच नीट मांडला होता. घोडा, कुत्रा, मांजर, डेझी, गुलाब यांचा अर्थ सांगायचा तरी कसा? अर्थच शब्दापेक्षा अवघड होऊन बसतो. आणि ही नावं गाळायची म्हटली तर मगर, सरडा-कॅमेलिअन, इक्न्यूमन, तरस यांचे उल्लेख वाचणाऱ्याने कुठे जायचं? शिवाय वनस्पती गाळल्या तर निसर्गाचा सगळ्यात रमणीय भाग बाहेर राहील, असंही ते म्हणतात. त्यांच्या आधीच्या नेथन बेलींच्या कोशात ओळखीच्या जनावरांपुढे ‘सर्वांना ठाऊक असलेला प्राणी’ असं लिहून सुटका करून घेतलेली दिसते. जॉन्सन तसे सुटले नाहीत. त्यांनी केलेल्या काही व्याख्या :

मांजर – उंदीर पकडणारा घरगुती प्राणी. निसर्गाचे अभ्यासक याला सिंहकुळातला सर्वांत खालच्या पायरीचा मानतात.
पाल-सरडा – सापासारखा प्राणी, त्याला पाय जोडलेले.
उंदीर – सर्व पशूंत लहान. घरांत आणि शेतांत वावरतो, मांजरं याचा नाश करतात.
टॅरँट्युला – एक कीटक. याच्या दंशावर संगीत हा एकच उपाय.
गेंडा – पूर्वेकडच्या देशांतला प्रचंड पशू, पुढे शिंग धारण केलेला.

हत्तीची नोंद तर परिच्छेदभर आहे. त्याच्या शहाणपणाच्या, इमानाच्या, अगदी समजूतदारपणाच्या नवलकथा सांगतात, अशी सुरुवात. मग सोंड : लांब पोकळ कूर्चा, मोठ्या तुतारीसारखी, तीच त्याचे हात. पुढे हत्ती पकडायची रीत – अरुंद जागेत हत्तीण ठेवायची, भोवती खड्डे खणायचे, त्यावर काटक्यांचे ताटवे आणि माती पसरायची. आणि शेवटी हत्ती इतका लाजाळू की कोणी बघत असेल तर मादीजवळ जात नाही. हे सगळं काल्मे या फ्रेंच धर्मपंडितांच्या बायबल-कोशातून घेतलेलं.

जिराफ त्या कोशात ‘कॅमेलोपार्ड’ या नावाने आहे : हत्तीहून उंच पण तेवढा जाड नव्हे, मान-डोकं उंटासारखं, अंगावर बिबट्यासारखे ठिपके. जिवंत जिराफ इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आला १८२७ मध्ये. जॉन्सन १७८४ मध्येच गेले होते. न पाहिलेला प्राणी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करायचा, तर त्याने पाहिलेल्या प्राण्यांच्या आधारानेच करावा लागणार.

या नोंदी मी महिनोन्‌महिने वाचतो आहे. चुका काढायला नाही. ज्याने व्याख्या लिहिली त्याने स्वतः काय पाहिलं, काय ऐकलं आणि कोणावर विश्वास ठेवला, हे तीन धागे प्रत्येक नोंदीत वेगळे काढता येतात. तुमच्याकडे अशा आणखी नोंदी असतील तर इथे द्या.

काजवा

वा! वाचनखूण साठवली. बुलोकरांचं ‘मी पाहिला’ झकास.

रानजाई

छान धागा. पण वाचताना माझ्या जिव्हाळ्याची एक तक्रार वर आली. कॉड्रींचं ते ‘एक प्रकारचा’ चारशे वर्षांनी मराठीत अजून ठाण मांडून आहे. कोशाचं नाव घेत नाही, पण कुंभा हा शब्द बघायला गेले तर ‘एक रानटी झाड’. एवढंच. अहो, कुंभा म्हणजे काय झाड आहे! फुलं रात्री उमलतात, पुंकेसरांचा हा मोठा झुबका, आणि सकाळी झाडाखाली त्या केसरांचा सडा. पानं झडायच्या आधी लालबुंद होतात. दोन ओळींत हे सांगता आलं असतं आणि वाचणारा रानात गेल्यावर त्याला झाड ओळखता आलं असतं. पक्ष्यांचं तर विचारूच नका. ‘एक पक्षी’, ‘एक लहान पक्षी’, ‘एक पाणपक्षी’.

हिरडा

रानजाई, कुंभ्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. या झाडाचं शास्त्रीय नाव करेया आर्बोरिया. यातलं ‘करेया’ हे विल्यम कॅरींच्या नावावरून, आणि ते दिलं वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी. हे कॅरी म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी. त्यांनीच १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी टायपात. बागेचं त्यांना विलक्षण वेड. १८२० मध्ये भारतातली कृषी व उद्यान संस्था त्यांनी उभी केली आणि रॉक्सबर्ग गेल्यावर त्यांचा भारतीय वनस्पतींवरचा ग्रंथ संपादून छापला. म्हणजे ज्या झाडासाठी कोशात तुम्हाला ‘एक रानटी झाड’ एवढंच मिळालं, ते झाड जगभर ओळखलं जातं एका मराठी कोशकाराच्या नावाने.

रानजाई

हे मला ठाऊक नव्हतं, हिरडाकाका. कालपासून चार जणांना सांगून झालं.

मास्तर_कराड

धागा वाचनीय आहे, पण या कौतुकाला थोडा आवर घालावा असं माझं मत. मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं. जॉन्सनच्या कोशात व्हेल म्हणजे ‘माशांतला सर्वांत मोठा’. टॅरँट्युलाला कीटक म्हटलंय, तो कोळी. आठ पाय मोजायला काय लागतं? त्याच्या दंशावर संगीताचा उपाय ही इटलीतल्या टारांटो गावाकडची लोकसमजूत. टोड या बेडकासारख्या प्राण्याबद्दल लिहिलंय की तो विषारी समजला जातो, ‘आणि मला वाटतं ते खरं आहे’. वाटतं म्हणजे काय? कोश हा प्रमाण म्हणून उघडायचा ग्रंथ आहे. त्या काळी सामान्य वाचकाने हे सगळं खरं मानलं असणार. जुनं आहे म्हणून गोड मानून घेण्यात मला धोका दिसतो.

शब्दवेल्हाळ

मास्तर, मुद्दा रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी तारखा. सजीवांचं वर्गीकरण घालून देणाऱ्या लिनियसचा वनस्पतींवरचा ग्रंथ १७५३ चा, आणि प्राण्यांना दुहेरी नावं देणारी त्यांच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ ची. जॉन्सनचा कोश या दोहोंच्या बरोब्बर मध्ये, १७५५ ला. व्हेलला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेलं ते लिनियसनी त्या दहाव्या आवृत्तीत. ‘मॅमेलिया’ हे वर्गाचं नावही तिथलंच. तेव्हा १७५५ च्या कोशात व्हेल मासा असणार, त्याला इलाज नाही.

आता त्याच कोशातलं वटवाघूळ बघा. काल्मेंच्याच आधाराने दिलेली नोंद आहे : शरीर उंदराचं, पंख पक्ष्याचे पण पिसांचे नव्हेत, ताणलेल्या कातड्याचे. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो आणि त्यांना दूध पाजतो. माणसाळत नाही. माश्या-किडे खातो, शिवाय मेणबत्त्या, तेल आणि चीज! उन्हाळ्याच्या संध्याकाळी हवा चांगली असली तरच दिसतो.

मेणबत्त्या आणि चीज सोडा. अंडी नाहीत, जिवंत पिल्लं, दूध – सस्तन प्राण्याची खूण ज्यावर ठरते ते सगळं इथे लिहिलेलं आहे. नाव तेवढं अजून जन्मलेलं नाही. वर्ग हातात नसताना माणसाने किती पाहिलं होतं हे कळायला यापेक्षा चांगली नोंद मला मिळालेली नाही.

टोडचं ‘मला वाटतं’ हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं. आधी लोक काय मानतात ते सांगितलं, मग स्वतःचं मत वेगळं काढून ठेवलं. आणि मत बरोबरच होतं. टोडच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात, त्यातून पांढरट विषारी स्राव येतो. कुत्र्याने टोड तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो तो त्यामुळेच.

आणि रानजाईताई, तुमच्या तक्रारीबद्दल. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी सांगून ठेवलंय की परदेशी वनस्पतीच्या नावाची पहिली नोंद कुठली हे विचारायला ते क्यू इथल्या शाही उद्यानाच्या संचालकांना पत्र लिहीत, आणि न्यूकॅसलच्या बंदरातल्या विशिष्ट होड्यांबद्दल विचारायला तिथल्या धक्क्यावरच्या व्यापाऱ्याला. ज्याला ठाऊक त्याला विचारायचं. कुंभा, पांगारा, भेरली माड यांबद्दल विचारायला सह्याद्रीत माणसं कमी नाहीत.

हिरडा

झाडांबद्दल कोणी काही लिहीना, म्हणून मी लिहितो.

जॉन्सननी वनस्पतींसाठी मुख्य आधार घेतला फिलिप मिलर यांच्या बागकामाच्या कोशाचा. मिलर हे चेल्सीच्या औषधी बागेचे प्रमुख, १७२२ पासून जवळजवळ पन्नास वर्षं. त्यामुळे झाडांच्या पुष्कळ नोंदी माळ्याच्या हातच्या आहेत : फुलाला पाकळ्या किती, पेला कसा, फळात बिया कशा बसल्यात. जॉन्सननी त्या उतरवून घेतल्या आणि खाली मिलरचं नाव दिलं. वाचायला रुक्ष, पण ओळख पटवणाऱ्या.

आणि अशा नोंदींच्या रांगेत अचानक विलो येतो. विलो : ‘विरही प्रेमिकांनी धारण करायचं झाड’. झालं! उंची नाही, पान नाही, पाणथळ जागा नाही. प्रेमभंग झालेल्याने विलोच्या फांद्यांचा मुकुट घालायचा ही इंग्लंडची जुनी चाल, नाटकांत आणि गाण्यांत भरपूर येते. म्हणून कोशात झाडाऐवजी चाल आली. माझ्यासारख्या औषधी वनस्पतींत रमलेल्या माणसाला हे चुटपुट लावतं. कारण कोश निघाल्यावर अवघ्या आठ वर्षांनी, १७६३ मध्ये, एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्यांनी रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की विलोची साल वाळवून, कुटून, हिवतापासारख्या ठरावीक अंतराने परत येणाऱ्या तापात रोग्यांना दिली आणि गुण आला. साल चाखली तेव्हा तिचा कडूपणा सिंकोनासारखा (ज्याच्या सालीपासून कोयनेल मिळतं) लागला, तिथून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे त्याच सालीतल्या द्रव्याच्या मागावर रसायनशास्त्रज्ञ गेले आणि १८९७ पर्यंत गाडी ॲस्पिरिनपर्यंत आली. आपल्याकडे विलो ठाऊक आहे तो क्रिकेटच्या बॅटीमुळे, तोही त्या कुळातला पांढरा विलो.

जॉन्सनच्या नोंदीला मी चूक म्हणणार नाही. पण एकाच कोशात गुलाबाला माळी मिळाला आणि विलोला शाहीर, हे बघून ठेवावं.

काजवा

मगरीच्या रडण्याबद्दल. ‘नक्राश्रू’ आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. फ्लोरिडातल्या अभ्यासकांनी २००७ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. मगरीच्या जवळच्या नात्यातले केमन आणि ॲलिगेटर असे सात प्राणी. पाण्याबाहेर कोरड्या जागी त्यांना खायला घातलं आणि चित्रण केलं. सातांपैकी पाच जणांच्या डोळ्यांत खाताना पाणी आलं, काहींच्या तर फेस. खाताना हवा जोरात नाकातून आत-बाहेर होते, तिच्यामुळे अश्रू बाहेर ढकलले जात असावेत असा त्यांचा अंदाज. दुःखाचा संबंध नाही. पण बुलोकरांनी ऐकलेली गोष्ट कोणीतरी, कुठेतरी, खाताना मगर नीट बघून सांगितलेली असणार.

वाशिष्ठीकाठ

आमच्या चिपळूणला या, मगरी दाखवतो. वाशिष्ठीच्या चिखलात ओहोटीला येऊन पडतात. रडताना कधी दिसली नाही. जबडा उघडा टाकून तासन्‌तास पडलेली असते, लोकांना वाटतं हल्ल्याच्या तयारीत आहे. ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. आणि बुलोकर म्हणतात ते ‘अंगावर धावून गेलं तर पळते’ – कृपा करून कोणी करून बघू नका.

गोदाकाठ

शब्दवेल्हाळ, तुम्ही जॉन्सनच्या आराखड्यातला इक्न्यूमन तसाच सोडून पुढे गेलात. तो आपला सगा आहे!

इक्न्यूमन म्हणजे नाईलकाठचं मुंगूस. जॉन्सनच्या कोशात त्याची व्याख्या आहे : ‘मगरीची अंडी फोडणारा लहान प्राणी’. रंग, शेपूट, आकार काही नाही, फक्त मगरीशी असलेलं वैर. ही समजूत ग्रीक-रोमन लेखकांपासून चालत आलेली. आता आपल्याकडे बघा. आपल्या मुंगसाची ओळख सापाशी असलेल्या वैरावरून, तिकडच्याची मगरीशी. तोच घराणा, शत्रू मात्र ज्याच्या त्याच्या मुलखातला.

इंग्रजीतला मोंगूस हा शब्द मात्र नाईलकडून गेला नाही, मराठी ‘मुंगूस’वरून गेला. ऑक्सफर्डचा कोशही मराठीच दाखवतो. जॉन फ्रायर नावाचे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई, सुरत या भागात होते, जुन्नरलाही जाऊन आले. त्यांचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं. त्यात मुंगूस हे फेरेटच्या जातीचं असल्याचं ते लिहितात. फेरेट म्हणजे उंदीर-सशांच्या मागे बिळात सोडायला इंग्रज पाळत तो लांबट प्राणी. फ्रायरच्या इंग्रज वाचकाला त्यावरून अंदाज नक्की आला असणार.

आता यापुढची पायरी. वेब्स्टरच्या कोशाची १९१३ ची आवृत्ती स्वामित्वहक्कातून मोकळी आहे, जालावर जिकडे तिकडे तीच सापडते. तिचा मोठा भाग १८९० च्या आवृत्तीतून आलेला आहे, आणि त्या आवृत्तीतल्या प्राण्यांच्या व्याख्यांवर येल विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ ए. ई. व्हेरिल यांचा हात फिरला होता. हे व्हेरिल समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांचे मोठे अभ्यासक, त्यामुळे शंख-शिंपले, पोवळी, समुद्रकिडे यांच्या नोंदी त्यात कमालीच्या बारकाईने आल्यात. तिथला इक्न्यूमन वाचला की जाणवतं सुमारे दीडशे वर्षांत काय झालं ते : हर्पेस्टिस प्रजाती, व्हिव्हेरिडी कुळ, इजिप्तमधली जात मगरीची अंडी आणि पिल्लं मारण्याबद्दल प्रसिद्ध म्हणून प्राचीन इजिप्तमध्ये पवित्र मानलेली, आणि भारतातली जात ‘मोंगूस’ या नावाने ओळखली जाणारी, तशाच सवयींची, बऱ्याचदा पाळलेली. मगर अजून आहे, पण आता तिच्याभोवती कुळ, प्रजाती, प्रदेश सगळं आलं.

आणि हेही आता जुनं झालं. मुंगसांना व्हिव्हेरिडी कुळातून, म्हणजे उदमांजरांच्या घरातून, काढून त्यांचं स्वतंत्र कुळ केलेलं आहे. आपल्या राखी मुंगसाची प्रजातीही अलीकडे बदलून ‘उर्वा’ झाली. म्हणून मास्तरांना सांगावंसं वाटतं, सर, १९१३ च्या शास्त्रशुद्ध नोंदीपेक्षा जॉन्सनची ‘अंडी फोडणारा लहान प्राणी’ ही ओळ जास्त टिकली.

मास्तर_कराड

गोदाकाठ, उत्तर आवडलं, पण मान्य अर्धंच. ओळ टिकली कारण तिच्यात सांगितलेलं फार थोडं आहे. ‘पशू’ हेही टिकलंय की! जो जास्त सांगेल तो जास्त चुकेल, आणि तरी त्याने सांगितलं पाहिजे. मी व्हेरिलच्या बाजूने.

माझा विषय भौतिकशास्त्र, म्हणून जॉन्सनच्या कोशात इलेक्ट्रिसिटी काढली. आधी क्विन्सी यांच्या वैद्यकीय कोशातली व्याख्या उतरवली आहे : काही पदार्थ घासून गरम केले की कागदाचे कपटे वगैरे ओढून घेतात, तो गुणधर्म. ही शाळेतल्या फणीच्या प्रयोगाची व्याख्या. जॉन्सन इथे थांबले असते तर चाललं असतं. पण त्यांनी स्वतःचा परिच्छेद खाली जोडलाय. सारांश असा : काही वर्षांपूर्वीपर्यंत विजेची हकिगत एवढीच होती, पण ग्रे यांच्या प्रयोगांनी चालना मिळाली आणि या पिढीच्या उद्योगाने विजेत असंख्य नवलं शोधून काढली. मग ठिणग्या, धक्के, आणि शेवटी : तत्त्वज्ञ आता आकाशातून पडणाऱ्या विजेचे आघात अडवण्याच्या खटपटीत आहेत.

स्टीफन ग्रे यांनी १७२९ मध्ये दोऱ्यावरून वीज वाहून नेऊन दाखवली होती. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनची विजेवरची पत्रं लंडनला छापली गेली १७५१ मध्ये, पतंगाचा प्रयोग १७५२ चा. आणि १७५५ चा कोश म्हणतो, ‘आता खटपटीत आहेत’. कोशाच्या नोंदीत चालू वर्तमानकाळ! वर्गात मी विजेचा इतिहास शिकवायचो तेव्हा ही नोंद हाताशी असती तर पहिल्या तासाला फळ्यावर लिहिली असती.

‘तत्त्वज्ञ’ शब्दावर तरुण मंडळींनी अडखळू नये. सायंटिस्ट हा शब्द विल्यम ह्यूएल यांनी काढला तो १८३० च्या दशकात. तोवर निसर्गाचा अभ्यास करणारा तो तत्त्वज्ञच.

शब्दवेल्हाळ

मास्तर, हे तुम्ही इथे लिहिलंत याचा मनापासून आनंद झाला. ‘जो जास्त सांगेल तो जास्त चुकेल, आणि तरी त्याने सांगितलं पाहिजे’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

प्राजक्ता_लीड्स

इंग्लंडमध्ये राहते, मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत. म्हणून हे जुनं प्रकरण माझ्यासाठी अगदी ताजं आहे.

धाग्याच्या सुरुवातीला तुम्ही ओकच्या फळाचं सांगितलंत, १६०४ च्या पहिल्या कोशात ते आहे म्हणून. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या सात वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठीच्या कोशातून हेच फळ, एकॉर्न, काढून टाकलं! त्याच्याबरोबर बटरकप, डँडेलिअन, फर्न, आयव्ही, बगळ्याच्या जातीचा हेरॉन, खंड्या, पाणमांजर आणि हिरडाकाकांचा विलोसुद्धा. आत आले ब्लॉग, ब्रॉडबँड, व्हॉइसमेल. जानेवारी २०१५ मध्ये अठ्ठावीस लेखकांनी प्रकाशकांना जाहीर पत्र लिहिलं, मार्गारेट ॲटवुड त्यात होत्या. प्रकाशकांचं म्हणणं, मुलं आज जे शब्द वापरतात, वाचतात त्यावरून कोश बनतो, आणि छोट्या कोशात जागा मर्यादित.

हा युक्तिवाद मला पटत नाही. इथे शरद ऋतूत शाळेच्या वाटेवर एकॉर्नचा खच पडलेला असतो. मुलं खिसे भरून घरी आणतात, टोपी काढून ठेवतात, रंगवतात. हातातल्या वस्तूचं नाव बघायला कोश उघडावा आणि तिथे ते नसावं, हे मुलाच्या दृष्टीने किती विचित्र आहे. जॉन्सनच्या आराखड्यातलं ते निसर्गाच्या रमणीय भागाबद्दलचं वाक्य वाचून मला पहिलं हेच आठवलं.

रानजाई

प्राजक्ता, तुझा संताप कळतो. पण माझी शंका दुसरी आहे. नोंद ठेवली असती तर काय लिहिली असती? ‘ओकचं फळ’. ओक बघितलं तर ‘एकॉर्न येणारं झाड’. अशा नोंदीने पोरीला काय मिळालं असतं? तिला फळ तर ठाऊकच आहे. शब्द असणं हा अर्धा भाग झाला. खारी ती पुरून ठेवतात आणि विसरतात, त्यातून रान वाढतं, असं एक वाक्य असेल तर मी भांडायला तुझ्याबरोबर येईन.

प्राजक्ता_लीड्स

ताई, तिला फळ ठाऊक आहे ते मी नाव सांगितलं म्हणून. सांगणारं घरात कोणी नसेल त्या मुलांनी काय करायचं? आधी शब्द परत येऊ दे, खारीचं वाक्य आपण दोघी मिळून मागू.

हिरडा

दोघींनाही अनुमोदन. एक भर घालतो : जे फळ पेरून उगवतं ते टोपीला लागलेलं नाही, तर टोपी सुटून खाली पडलेलं, भरीव, पाण्यात बुडणारं. तरंगणारं बहुधा किडकं असतं. लेकीला करून बघायला सांगा.

नवी_पालवी

पहिल्यांदाच लिहिते आहे. हे सगळं वाचून जॉन्सनच्या कोशाची मूळ पानं जालावर उघडली. कोल्हा बघायचा होता, म्हणून जॅकल शोधला. शोधखिडकीत मिळेना, म्हणून पानं चाळली, तर ‘जे’ अक्षराचा विभागच नाही! फाइल अपुरी आहे का? आणि पुष्कळ शब्दांत ‘एस’च्या जागी ‘एफ’ दिसतो, ते काय?

शब्दवेल्हाळ

स्वागत! फाइल पूर्ण आहे. त्या काळी ‘आय’ आणि ‘जे’ ही एकाच अक्षराची दोन रूपं मानून शब्द एकत्र लावत, तसंच ‘यू’ आणि ‘व्ही’चं. त्यामुळे जॅकल ‘आय’च्या विभागात, आयव्हरी-आयव्हीच्या अलीकडे मिळेल. ‘एफ’सारखा दिसतो तो लांब ‘एस’. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये तो वापरत, शेवटी नेहमीचा. नीट बघितलंत तर त्याची आडवी रेघ उजवीकडे जात नाही, एक तर नसतेच किंवा डावीकडे थोडीशी असते. यंत्राने पानं वाचताना तो ‘एफ’ समजून घेतला जातो, म्हणून शोधखिडकीत ‘स’ असलेले शब्द हुकतात. तिथे ‘एस’च्या जागी ‘एफ’ टंकून बघा, बरेच सापडतील.

जॅकलची नोंद एका ओळीची आहे : ‘सिंहासाठी सावज उठवून देतो असं मानला जाणारा लहान प्राणी’. पंचतंत्रातल्या पिंगलक सिंहाच्या पदरी असलेले करटक आणि दमनक हे दोघे कोल्हेच. मिळाली की तिच्या वरच्या-खालच्या दोन नोंदीही वाचा आणि इथे टाका.